‘होय’ लिहिलंच कशाला?

“दादा, तुम्ही ‘होय’ लिहिलंच कशाला?”

चाकणच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातलं पोरगं मला हे विचारत होतं, २०२२ च्या जूनमध्ये. पोरगं चांगलं होतं, चहाही त्यानंच मागवला होता. म्हणून तर ते वाक्य अजून जात नाही. शिवी दिली असती तर विसरलो असतो.

त्याआधी तासभर माझी ट्रायल झाली होती. मोकळी दहाटायरी गाडी रिव्हर्स घेऊन प्लॅटफॉर्मला लावायची, दोन्ही बाजूला उभ्या गाड्या. एका दमात लावली. सुपरवायझर म्हणाला, हात बसलेला आहे. पगार, भत्ता, पीएफ सगळं बोलणं झालं. मग फॉर्म आला. नाव, गाव, लायसन्स नंबर, घरच्यांचा फोन, आणि शेवटून दुसरी ओळ : ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का? होय / नाही.’ मी ‘होय’वर बरोबरची खूण केली.

गुन्हा सांगून टाकतो. आमचं गाव नारायणगडाच्या पायथ्याला, बीड जिल्ह्यात. नगद नारायणाचा गड, धाकटी पंढरी म्हणतात. गडाखाली राहून माणसं भांडत नाहीत असं नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात नांगरटीच्या वेळी चुलत्याशी बांधावरून लागली. दोन फुटांचा बांध. चुलतभाऊ अंगावर आला, माझ्या हातात कोयता होता, तो उलटा करून मुठीनं मारला. डोक्याला चार टाके पडले. मारलं, हे खोटं नाही. पण कागदावर त्याचं ‘धारदार शस्त्र’ झालं. आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं दरसाल तेच धारदार शस्त्र घेऊन कारखान्यावर जातात, आणि तिथं नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. असो. कलम ३२४. पाच वर्षं तारखा. २०१९ ला दोषी ठरलो, पण पहिलाच गुन्हा म्हणून साहेबांनी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. जेलचं तोंड पाहिलं नाही. चुलतभाऊ आणि मी आता एकाच पंगतीला बसतो.

वकिलांनी तेव्हा समजावलं होतं की त्या कायद्याचं कलम १२ असं सांगतं, बाँडवर सुटलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. मी खूश. मग ते म्हणाले, “पण दोषी नाहीस असं मात्र म्हणू नको हं.” म्हणजे आहे पण आणि नाही पण. आता ही गोष्ट ‘होय / नाही’च्या चौकटीत कशी बसवायची, हे कुणीतरी मला करून दाखवावं.

तर चाकण. ‘होय’ बघून पोरगं आत गेलं, बाहेर आलं, परत आत गेलं. मी निकालाची झेरॉक्स बरोबर नेली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती काढून पुढं केली. त्यानं हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाला, “वाचून काय करू? सिस्टीममध्ये ‘होय’ टाकलं की पुढचं पान उघडतच नाही.” मी म्हटलं, साहेबांना तरी दाखवा. साहेब पुण्याला. फोन लावा. मीटिंगमध्ये. दुपारी दोनपर्यंत बसलो. माझ्यानंतर आलेला एक जण, जेवायला माझ्याच शेजारी बसला होता. त्याच्यावर एक केस चालू होती, त्यानंच डबा उघडता उघडता सांगितलं. त्यानं ‘नाही’ लिहिलं होतं. तीन वाजता त्याला गाडीची चावी मिळाली. मला वल्लभनगरपर्यंत जायला शेअर रिक्षा मिळाली, आणि तिथून बीडची एसटी.

जाता जाता गेटवरच्या वॉचमननं गाव विचारलं. नारायणगड म्हटलं, तर म्हणाला, “मंग जवळच की, जुन्नरच्या अलीकडं.” त्याला नारायणगाव वाटलं. २०२४ च्या दसऱ्याला मराठा आरक्षणवाल्या मनोज जरांगेंचा मेळावा गडावर झाला, तेव्हापासून हा घोळ कमी झाला. पण त्याच वर्षी डिसेंबरात आमच्याच जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा, संतोष देशमुखांचा खून झाला. तेव्हापासून नुसतं बीड म्हटलं तरी समोरचा क्षणभर थांबून बघतो. मला फॉर्म भरायचीही गरज उरली नाही!

आता गंमत बघा. ट्रकचं लायसन्स सरकारनंच दिलंय. रिक्षा-बसच्या बिल्ल्याला पोलिसांची पडताळणी लागते, मालट्रकला मला कुणी विचारलं नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ मध्ये लायसन्स काढून घेण्याची जी कारणं दिलीत, त्यांत सराईत गुन्हेगार आणि दारुडा हे आहेत. मी दोन्ही नाही. म्हणजे सोळा-सतरा टन माल घेऊन रात्रीच्या सोलापूर-धुळे रोडला मी चालतो, पण गेटच्या आत चालत नाही.

चाकणच्या त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ऊस टोळीच्या गाडीवर गेलो. मालक आमच्याच भागातला. मीच सांगायला गेलो, “नाना, माझ्यावर एक केस...” तो हसला. “मला काय पोलीस पाटील व्हायचंय का? स्टेअरिंगवर हात चालतो ना तुझा?” माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच. बायकोला फोन करून सांगितलं की माणूस असावा तर असा. पाच महिने फडातून कारखाना, कारखान्यातून फड. यार्डात नंबर लागेपर्यंत कधी चौदा तास, कधी वीस. झोप केबिनमध्ये, जेवण टोळीतल्या बायांच्या चुलीवरचं. मार्चला पट्टा पडला, हंगाम संपला आणि हिशेब झाला. ठरल्यापेक्षा बावीस हजार कमी. एक टायर फुटला तो माझ्या नावावर, डिझेलची घट माझ्या नावावर. मी आवाज चढवला, तर नाना त्याच हसऱ्या तोंडानं म्हणाला, “जा की ठाण्यात. तुझी फाईल तिथं आहेच, नवी काढायला नको.”

तेव्हा कळलं की त्यानं विचारलं का नव्हतं. त्याला माझी केस अडत नव्हती, परवडत होती. त्या टोळीच्या चार गाड्यांवर आम्ही चार ड्रायव्हर, आणि चौघांच्या मागं काही ना काही होतं. एक जण तर ३०४-अ चा होता, अपघाताचा. जानेवारी २०२४ ला नव्या कायद्यातल्या हिट अँड रनच्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हरांनी चाकं थांबवली, तेव्हा पंपावर रांगा लावणाऱ्या लोकांनी आम्हाला शिव्या घातल्या. तो ३०४-अ वाला मला फोनवर म्हणाला, “आपल्याला बिनाकायद्याचंच दहा वर्षं चालू आहे.”

नव्या पोरांना सांगतो, हिशेब दर पंधरवड्याला वहीत लिहून मालकाची सही घ्या. तोंडी काही ठेवू नका, मालक कितीही नाना असला तरी. आणि निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवा, झेरॉक्सला कुणी विचारत नाही.

चाकणवाल्यांवर माझा राग होता तेवढा आता नाही, हेही लिहितो. गेल्या जूनमध्ये माझी पोरगी पाचवीत गेली, शाळेची व्हॅन लावली. पहिल्याच दिवशी मी ऑफिसात जाऊन विचारलं, “ड्रायव्हरची पोलीस पडताळणी झालीय का?” बाई म्हणाल्या, झालीय. मी म्हटलं, कागद दाखवा. त्यांनी दाखवला. मी तो उभ्यानं दोनदा वाचला. गावाकडं परत येताना स्वतःचीच लाज वाटली, पण उद्या दुसरा ड्रायव्हर आला तर परत विचारीन.

म्हणून विचारू नका असं मी म्हणत नाही. विचारा. फक्त फॉर्म छापणाऱ्यांना एक विनंती आहे : ‘होय / नाही’च्या खाली दोन ओळी मोकळ्या सोडा. कशाचा गुन्हा, कधीचा, निकाल काय. माझं सगळं दीड ओळीत बसतं, मी मोजून बघितलंय.