कोहळा, दोरा आणि भाताची लावणी

शस्त्रवैद्यानें आपला हात प्रथम कशावर बसवावा, याचें उत्तर सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत देऊन ठेविलें आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर; शिरावेधाचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर व कमळाच्या देंठावर; शिवण्याचा जाड्या-पातळ वस्त्रांवर; आणि पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर! बहुश्रुत शिष्यही या सरावावांचून त्यानें अपात्रच मानला.

ही विद्या केवळ पोथींत राहिली नाहीं. टिपूच्या युद्धांत नाक गमावलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानास पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें नवें नाक बसविलें. मेणाचा नमुना कपाळावर मापून तेवढें कातडें सोडविलें आणि रक्त मिळत राहावें म्हणून भुंवयांमध्यें देंठ राखून तें खालीं वळविलें. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’नें १७९४ सालीं हें वृत्त छापलें. तेथील कार्प्यू या शस्त्रवैद्यानें प्रेतांवर हात बसवून १८१४ सालीं ती क्रिया जिवंत माणसावर केली. मध्यें वीस वर्षें गेलीं. आजच्या उतावळ्या पालकांनीं हा आंकडा ध्यानांत घ्यावा.

माझ्या बंधूंची नात तळेगांवास वैद्यक शिकते. रविवारीं लोणावळ्यास आली कीं खिडकीच्या गजाला दोरा अडकवून एका हातानें गांठी मारीत बसते. घरांतील बायका हंसतात. मला तिच्या बोटांची फारशी काळजी नाहीं.

काळजी दुसरीच आहे. माझ्या पत्नीचें पित्ताशय एका निष्णात हातानें काढलें. टांका पाहून कोणीही वाहवा म्हणावें. परंतु सही घेतांना काय कापणार हें तिला कोणीं सांगितलें नाहीं, आणि तीन रात्री ती कर्करोगाच्या भीतीनें जागी राहिली. २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमांत रोग्याशीं बोलणें हाही शिकण्याचा विषय केला आहे. तें नुसतें कागदावर राहूं नये.

गेल्या ज्येष्ठांत मावळांतल्या एका शेतकऱ्यानें या मुलीला विचारलें, “ताई, आंतड्याची गांठ आतां कापली तर लावणी करतां येईल का?” तिला ठाऊक नव्हतें. तिनें तसेंच सांगितलें आणि गुरूंना विचारून आली: गांठ आपोआप आंत जाते तोंवर लावणीनंतर आलांत तरी चालेल, पण ती अडकून दुखूं लागली, तर चिखलाच्या पायांनींच निघा. हें तिनें त्याच्याकडून दोनदां म्हणवून घेतलें.