खुर्चीची डावी बाजू

सांगलीला गेलं की नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "तू नक्की नर्स की डॉक्टर?" मी म्हणते, डेंटल नर्स. "म्हणजे दात काढतेस?" नाही. "मग इंजेक्शन देतेस?" तेही नाही. यावर एक लांबलचक 'अस्सं!' येतं आणि विषय लेस्टरच्या थंडीवर जातो. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

उजव्या हाताने काम करणारा डेंटिस्ट पेशंटच्या उजवीकडे बसतो आणि नर्स डावीकडे. सक्शन धरायचं, जीभ-गाल बाजूला ठेवायचे, मटेरियल कालवून द्यायचं, डॉक्टर तपासताना सांगतील तशी एकेका दाताची नोंद करायची. घाबरलेल्या पेशंटकडे लक्ष ठेवायचं ते वेगळंच. तो बाहेर पडला की खरं काम सुरू! खुर्ची पुसा, पाण्याच्या नळ्या वाहत्या करा, हत्यारं धुऊन भिंगाखाली बघा, मग ऑटोक्लेव्ह. तिथे १३४ अंशांवर किमान ३ मिनिटं. आणि ही तीन मिनिटं तापमान गाठल्यानंतरची बरं का, अख्खी फेरी बरीच लांब चालते. बाहेर पेशंट खोळंबलेले असले तरी ती आटोपती घेता येत नाही.

हे काम इंग्लंडमध्ये पूर्वी कुणीही करू शकत असे. २००६ मध्ये जनरल डेंटल कौन्सिलने डेंटल नर्सेससाठी नोंदवही उघडली आणि ३१ जुलै २००८ पासून नोंदणी सक्तीची झाली. आता एकतर नोंदणी हवी, नाहीतर शिकाऊ म्हणून कोर्स चालू हवा. मी लग्न होऊन २०११ मध्ये इथे आले, दोन वर्षांनी शिकाऊ म्हणून लागले आणि २०१५ मध्ये माझं नाव त्या वहीत चढलं. आईने शेजारीपाजारी पेढे वाटले.

नोंदणी म्हणजे नुसता मान नव्हे. दर वर्षी फी भरायची, पाच वर्षांत ५० तासांचं शिक्षण पुराव्यानिशी दाखवायचं, कामाचा विमा हवा. काही चुकलं तर तक्रार थेट माझ्या नावावर येऊ शकते. २०१३ पासून लागू असलेल्या आचारसंहितेप्रमाणे पेशंटला धोका दिसला तर बोलणं हे माझं कर्तव्य आहे. 'मालकांनी सांगितलं म्हणून केलं' हे उत्तर चालत नाही. जबाबदारी अशी शिक्कामोर्तब होऊन आली. पगार मात्र जवळजवळ होता तिथेच राहिला.

इथल्या बहुतेक दवाखान्यांच्या पाटीवर एनएचएसची अक्षरं असतात. लोकांना वाटतं आत सगळे सरकारी नोकर. प्रत्यक्षात तो दवाखाना एखाद्या डेंटिस्टचा किंवा कंपनीचा असतो, एनएचएसशी फक्त करार असतो. त्यामुळे एनएचएसच्या पगारश्रेण्या आणि पेन्शन आम्हाला लागू नाहीत. आजारी पडलं तर बऱ्याच ठिकाणी कायद्याने ठरलेला किमान भत्ता, तेवढाच.

माझ्या पहिल्या दवाखान्यात सकाळी आठ चाळीसला हजर राहायचं आणि पगार नऊपासून मोजायचा, अशी पद्धत होती. ती वीस मिनिटं म्हणजे खोली लावणं, नळ्या, मशीनची रोजची चाचणी. ती केल्याशिवाय नऊचा पेशंट खुर्चीत बसूच शकत नाही. कुणी विषय काढला तर उत्तर ठरलेलं, "अगं, आपण सगळे एकाच घरातले!" आणि घरात कुणी घड्याळ दाखवतं का?

एका रविवारी मी कागदावर हिशोब मांडला. आठवड्याला १०० मिनिटं. रजा वगळून ४६ आठवडे धरले तरी सुमारे ७६ तास. म्हणजे वर्षातले दोन आठवडे आम्ही पाच जणी फुकट काम करत होतो! बीकॉमचा तेवढा उपयोग झाला खरा.

मग शोधाशोध केली. कामाची तयारी हेही कामच. आमचा पगार किमान वेतनाच्या इतका जवळ होता की हे तास धरले तर तो कायद्याच्या रेषेखाली जात होता. किमान वेतनाचा कायदा इथे एप्रिल १९९९ पासून आहे. १९९८ च्या नियमांप्रमाणे सहा तासांहून जास्त काम असेल तर सलग २० मिनिटांची सुट्टी मिळायलाच हवी. तिचा पगार नसला तरी चालतो, पण मध्येच "जरा एक्स-रे शोधून दे" म्हणून उठवलं तर ती सुट्टी नव्हे. एकॅस या संस्थेच्या फोनवर फुकट सल्ला मिळतो. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, आधी वेळा लिहून ठेवा, मग लेखी विचारा.

सहा आठवडे आम्ही पाचही जणींनी डायरीत वेळा लिहिल्या. पत्र एकच, सह्या पाच. सही करताना माझा हात थरथरत होता हे कबूल करते. नवऱ्याचा व्हिसा, घराचं भाडं, सगळं डोळ्यांसमोर आलं. पण एकटीचं नाव नव्हतं, याचा मोठा धीर होता. तीन महिन्यांनी मागचे पैसे आले, पाचही जणींचे. त्यानंतर कित्येक दिवस 'गुड मॉर्निंग' जरा थंड होतं, पण ते ऐकायला आठ चाळीसपासून पगार चालू होता.

आता पुढे जाण्याबद्दल. डेंटल नर्सला वाटा नाहीत असं नाही. एक्स-रे काढणं, फ्लोराईडचा लेप, मौखिक आरोग्याचं शिक्षण, सेडेशन, दात सरळ करण्याच्या उपचारांतली मदत, या प्रत्येकाचं नोंदणीनंतरचं वेगळं प्रशिक्षण आहे. त्यापुढे ऑर्थोडॉन्टिक थेरपिस्ट किंवा हायजिनिस्टही होता येतं. अडचण अशी की प्रमाणपत्र मिळालं म्हणून पगार वाढवलाच पाहिजे असं कुणावर बंधन नाही. मी एक्स-रेचं शिकले आणि पुढचं वर्षभर त्याच पगारात दुप्पट हवी-हवीशी झाले. शेवटी कम्युनिटी डेंटल सर्व्हिसमध्ये गेले. अपंग, वृद्ध, खूप घाबरणारे असे पेशंट असतात. काम जास्त कठीण, पण ही एनएचएसची थेट नोकरी. श्रेणी ठरलेली आणि तिचा पगार सगळ्यांना दिसेल असा छापलेला.

भारतातून बीडीएस होऊन आलेल्या मुली भेटतात तेव्हा मात्र पोटात तुटतं. इथे डेंटिस्ट व्हायची परीक्षा आणि तिची लांब रांग. पूर्वी त्या पदवीवर नर्स किंवा हायजिनिस्ट म्हणून नोंदणीचा अर्ज करता येत असे, तो रस्ता मार्च २०२३ मध्ये बंद झाला. मग स्वतःचा दवाखाना चालवलेली मुलगी शिकाऊ नर्स म्हणून सक्शन धरते. एकीने मला सांगितलं, "ताई, तिकडे माझ्या हाताखाली एक मुलगी होती. तिला किती वाजता घरी सोडायचे हे मी कधी घड्याळात पाहिलंच नाही." आपल्याकडे १९४८ च्या कायद्यात नोंदणी होती ती डेंटिस्ट, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक यांची. मदतनीस मुलगी त्यात नव्हतीच.

या मुलींना मी तीनच गोष्टी सांगते. कामाच्या अटी लेखी घ्या, २०२० पासून तो पहिल्या दिवसाचा हक्क आहे. कोर्सची फी दवाखाना भरणार असेल तर मध्येच सोडल्यास किती कापणार ते सहीआधी वाचा. आधी लेखी मान्य केल्याशिवाय पगारातून ती कापता येत नाही. आणि नवीन प्रमाणपत्राआधी विचारा की पास झाल्यावर माझं काय बदलेल.

मी सध्या सेडेशनचा अभ्यास करतेय. परीक्षा दोन महिन्यांवर आलीये आणि घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय, तोवर पुरणपोळीची फर्माईश नको!