एक बातमी, दोन चष्मे

सप्टेंबर २००९. महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीचे पडघम वाजू लागले होते. वसईच्या किनारपट्टीवरील एका धर्मग्रामात मी तेव्हा प्रमुख धर्मगुरू होतो. चर्चच्या आवारातील लहानशा वाचनालयात रोज पाच-सहा दैनिके येत. सकाळची मिस्सा आटोपली की वडीलधारी मंडळी तेथील बाकावर विसावत.

एके दिवशी एका निवृत्त मास्तरांनी माझ्यापुढे दैनिकाचे पान धरले. "फादर, पाहिलंत? आमच्या उमेदवाराची एवढी मोठी सभा, आणि बातमी आतल्या पानावर! हे वर्तमानपत्र विकलं गेलंय." तासाभराने केळीच्या बागेतून परतलेले एक शेतकरी आले. त्यांनी तेच दैनिक उघडले, तेच पान काढले. "फादर, त्यांच्या सभेचा केवढा फोटो छापलाय बघा! पैसे मोजल्याशिवाय असं होईल का?"

सभा एकच, बातमी एकच. मी दोघांपुढेही हसून मान डोलावली आणि तो प्रसंग विसरून गेलो.

पुढे एका संशोधनाविषयी वाचताना ती दोन माणसे पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर ह्या अभ्यासकांनी १९८५ साली ते प्रसिद्ध केले होते. लेबनॉनमध्ये १९८२ साली झालेल्या हत्याकांडाविषयीची दूरचित्रवाणीवरील वृत्ते त्यांनी इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखविली. वृत्ते तीच होती. परंतु प्रत्येक गटाला ती आपल्याविरुद्ध झुकलेली वाटली. एवढेच नव्हे, तर ती पाहून तटस्थ माणसाचेही मन आपल्याविषयी कलुषित होईल, अशी धास्ती दोन्ही गटांना वाटली. आमच्या वाचनालयातील बाकावर याहून वेगळे काय घडले होते?

मग पक्षपात हा केवळ पाहणाऱ्याच्या दृष्टीतच असतो काय? तसे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच २००९ च्या निवडणुकीत आपल्या मराठी पत्रसृष्टीला मान खाली घालावी लागेल असे काही उघडकीस आले. पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले की, एकमेकांची प्रतिस्पर्धी म्हणविणाऱ्या दैनिकांत एका नेत्याचे गुणगान करणारा मजकूर शब्दशः सारखा छापला गेला होता. जाहिरात बातमीचा वेष घालून वाचकाच्या घरात शिरत होती. त्यासाठी 'पॅकेज' ठरत असे, आणि तो पैसा उमेदवाराच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात येत नसे. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने याविषयी ७१ पानांचा अहवाल तयार केला. परिषदेने मात्र जुलै २०१० मध्ये वर्तमानपत्रांची नावे गाळून संक्षिप्त अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल लोकांपुढे यायला २०११ साल उजाडावे लागले, तेही केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर.

हे सारे वाचून मी संतापलो. एका रविवारी मिस्सानंतर, सूचना देण्याच्या वेळी, ध्वनिक्षेपकावरून मी बोलून गेलो, "वर्तमानपत्रांत छापून येते त्यावर मुळीच विश्वास ठेवू नका. सगळेच विकले गेले आहेत." लोकांनी टाळ्या वाजविल्या. चर्चमध्ये टाळ्या क्वचितच पडतात. मला त्या गोड वाटल्या, हे कबूल केले पाहिजे.

एप्रिल २०१४ मध्ये लोकसभेसाठी मतदान झाले. संध्याकाळी मी फिरायला निघालो असता ते केळीबागवाले शेतकरी आपल्या अंगणात बसलेले दिसले. सहज त्यांच्या बोटाकडे पाहिले, शाई नव्हती.

"मतदानाला गेला नाहीत वाटतं?" मी विचारले.

"काय उपयोग, फादर? पेपर बंद करूनही दोन वर्षं झाली. तुम्हीच सांगितलं होतंत ना, सगळेच विकले गेलेत म्हणून?"

कोणताच उमेदवार पसंत नसेल तर तसे नोंदविण्याची सोयही २०१३ पासून मतदानयंत्रावर आली होती. परंतु त्यासाठी केंद्रापर्यंत जावे लागते, आणि तेवढा विश्वासही त्या गृहस्थांपाशी उरला नव्हता. तो कोणत्याही संपादकाने हिरावून घेतला नव्हता. तो मी घेतला होता.

अमेरिकेत १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी परगण्यात अनेक महिने मतदारांच्या मुलाखती घेतल्या. वृत्तपत्रे आणि नभोवाणी यांच्यामुळे मत पालटलेली माणसे त्यांना थोडीच आढळली. प्रचाराने बहुतेकांचे मूळचे मत अधिक पक्के केले होते. ज्यांचे मत डळमळीत होते, त्यांच्यावर प्रभाव पडला तो ओळखीच्या आणि विश्वासातल्या माणसांच्या बोलण्याचा. हे वाचले तेव्हा मला ते अंगण आठवले. वृत्तपत्रांच्या पक्षपाताची चर्चा करताना, आपणही कुणाचे तरी वृत्तपत्र असतो, हे मी विसरलो होतो.

मतदार ही कळसूत्री बाहुली नव्हे, याची साक्ष आपल्याच देशाने वारंवार दिली आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर निर्बंध लादले गेले. आकाशवाणी आणि दूरदर्शन तर सरकारच्याच हाती होते. तरीही मार्च १९७७ मध्ये लोकांनी सत्तांतर घडविले. २००४ साली 'भारत उदय'च्या जाहिरातींचा केवढा गाजावाजा झाला! निकाल लागला तेव्हा काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा होत्या. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांच्या चाचण्यांनी सत्तारूढ आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा देऊ केल्या. ४ जूनला प्रत्यक्षात मिळाल्या त्या २९३. लोक काय वाचतात आणि कसे मत देतात, यांत वाटते तितके सरळ नाते नाही. मला भय वाटते ते दुसऱ्याच परिणामाचे. सगळेच खोटे आहे असे एकदा मनाने घेतले, की माणूस एक तर घरी बसतो, नाही तर भ्रमणध्वनीवर आलेला, मनाला रुचेल असा पहिला संदेश खरा मानतो.

माझी बदली होण्यापूर्वी मी त्या शेतकऱ्यांच्या घरी गेलो. "माझं चुकलं," एवढेच म्हणालो. ते संकोचले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "ते असू द्या, फादर. पण खरी बातमी ओळखायची कशी?"

माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे वाचनालयात एकाच बाकावर बसलो आणि एकाच सभेची बातमी दोन दैनिकांत वाचली. कोणते वाक्य घडलेले सांगते, कोणते केवळ स्तुती करते, कुणाचे म्हणणे विचारलेलेच नाही, हे आम्ही बोटाने दाखवीत गेलो. अर्ध्या तासाने मास्तर आले. त्यांनी आमच्याकडे पाहिले, आपला चष्मा पुसला आणि बाकावर थोडे सरकायला सांगितले.