चाकाला दगड

करूळचा घाट आमची गाडी एका दमात चढली, असे माझ्या लहानपणी एकदाही घडले नाही. कोल्हापूरहून गगनबावडा पंचावन्न किलोमीटरांच्या आसपास. तिथून रस्ता घाटाने खाली कोकणात वैभववाडीला उतरतो. वैभववाडीला माझी आत्या दिलेली. जाताना काही प्रश्न नसे, उतारच तो! परत येताना मात्र अर्ध्या घाटात रेडिएटरमधून वाफेचा फवारा उडे, गाडी हिसके खात थांबे आणि अण्णा ओरडत, "दगड!"

ही आरोळी माझ्यासाठी असे. मागचे दार उघडून मी उडी टाकायची आणि रस्त्याकडेचा दगड उचलून मागच्या चाकाला लावायचा. वयाच्या आठव्या वर्षापासून या पदावर माझी नेमणूक झालेली होती. दगड लागला की आज्जी खाली उतरे, पदर खोचे आणि "मी होते फुडं, तुमी या सावकाश" म्हणून चालू लागे. पुष्कळदा ती आमच्याआधी दोन वळणे वर जाऊन बसलेली असे. गाडीला ती 'म्हस' म्हणे. त्यात राग नव्हता. बसली की उठायची नाही, एवढाच अर्थ.

ही म्हस म्हणजे १९७७ सालची अँबॅसडर, मार्क थ्री. अण्णांनी ती १९८६ साली जुनी विकत घेतली. पेट्रोलचे १४८९ सीसीचे इंजिन, ताकद पन्नास अश्वशक्तीच्या आसपास, गिअरची दांडी स्टिअरिंगखाली डाव्या अंगाला, पुढची बैठक सलग बाकासारखी. मूळ ही गाडी विलायतेतल्या मॉरिस ऑक्सफर्डची. तिचे साचे बंगालात उत्तरपाड्याला आले आणि १९५० नंतरच्या दशकात तिथून अँबॅसडर बाहेर पडू लागली, ती २०१४ सालापर्यंत. आमच्या हाती येईतो आमच्या गाडीचे इंजिन दोनदा बोअर मारून झालेले होते. १९९७ च्या सुरुवातीला ते निळा धूर सोडू लागले. तिसऱ्यांदा बोअर मारण्याइतके लोखंड ब्लॉकमध्ये उरलेले नाही, असा निकाल अण्णांनी दिला.

अण्णा शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. त्यांच्या हाताला लेथ होता आणि डोळ्याला सूत. कोल्हापुरात अशी माणसे गल्लोगल्ली सापडत. मी त्या वेळी एस. वाय. बी. ए.ला होतो. मराठी विषय घेतला म्हणून अण्णा कधी रागावले नाहीत, परंतु पाहुण्यांनी "पोरगा काय शिकतोय?" असे विचारले की ते पान्यांची पेटी उघडून त्यात काहीतरी शोधू लागत.

एप्रिलमध्ये माझी परीक्षा संपली आणि एका संध्याकाळी टेम्पोतून एक इंजिन आमच्या फुलेवाडीच्या घरापुढे उतरले. अपघातात चेपलेल्या एका कॉन्टेसाचे ते होते. इसुझूचे, १८१७ सीसी, पाच गिअरांच्या गिअरबॉक्ससकट. भंगारवाल्याने १८,००० रुपये घेतले होते. ताकद जुन्याच्या दीडपटीहून अधिक. आईने टेम्पो जाईपर्यंत एक शब्द काढला नाही. मग म्हणाली, "पत्रे बदलायचे होते औंदा घराचे." अण्णा म्हणाले, "आता ही घाट चढंल."

पुढचे पाच आठवडे आमचे अंगण म्हणजे कारखाना झाले. तीन पाइपांचे तिकाटणे उभारून त्याला चेन ब्लॉक टांगला. बॉनेट काढले, रेडिएटर काढला आणि जुने इंजिन साखळीवर डुलत बाहेर आले. ते बाहेर काढायला एक दिवस लागला. नवे आत घालायला महिना! इंजिन बदलणे म्हणजे बल्ब बदलण्यासारखे काम असावे, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच दिवशी गेली. जुन्या गाडीचे नट-बोल्ट इंची मापाचे, नवे इंजिन मिलिमीटरचे. अण्णांच्या पेटीतले वर्षानुवर्षे जमवलेले पाने त्या इंजिनाच्या एकाही नटाला बसेनात. ते शेजारच्या गॅरेजातून बारा, चौदा, सतराचे पाने मागून घेऊन आले. माझे काम बॅटरी धरण्याचे आणि मागतील तो पाना देण्याचे. मी चौदाच्या जागी अर्ध्या इंचाचा पाना देई. बॅटरीचा झोतही थोड्या वेळाने भलतीकडे जाई, कारण माझे डोके भलतीकडे असे. "उजेड इथं पाड, आभाळात न्हवं," हे वाक्य मी त्या महिन्यात किती वेळा ऐकले, त्याला गणती नाही.

इंजिन जागेवर टेकवले तर खालचे चेंबर स्टिअरिंगच्या रॅकला भिडले. अण्णांनी चेंबर उतरवून गॅसने कापले, त्याचा पोटाकडचा भाग मागे सरकवून पुन्हा वेल्डिंग केले. सांधा पक्का आहे की नाही हे पाहण्याची त्यांची रीत मला फार आवडली. चेंबरला बाहेरून खडू फासायचा, आत रॉकेल ओतायचे आणि रात्रभर ठेवायचे. जिथे खडू ओला दिसेल तिथे भोक. सकाळी उठून मी पाहिले तर खडू शाळेच्या फळ्यासारखा कोरडा होता. मग इंजिनची फाउंडेशने नव्याने बनवली. नवा गिअरबॉक्स लांबीला जास्त, म्हणून प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागला. तो अण्णांनी पाळी संपल्यावर, मालकांना विचारून, कारखान्यातल्या लेथवर स्वतः केला. गिअरची दांडी आता खालून येणार, म्हणून तळाचा पत्रा कापला. त्यामुळे पुढच्या बैठकीवरची मधली जागा गेली. ती आईची जागा होती. त्या दिवसापासून आई मागे, आज्जीशेजारी बसू लागली.

ज्या दिवशी इंजिन सुरू झाले त्या दिवशी गल्ली जमली होती. सेल्फ मारल्याबरोबर ते एकदा खोकले आणि मग जे फिरू लागले ते इतक्या मऊ आवाजात की अण्णांनी हात बॉनेटच्या कडेवर ठेवून पाहिला. आज्जी दारातून म्हणाली, "म्हस बदलली रं!" आईने नारळ आणून दिला.

आता जे सांगावयाचे आहे ते गेली अठ्ठावीस वर्षे मी कोणाला सांगितलेले नाही.

त्या साऱ्या कामात अण्णांनी माझ्यावर एकच काम स्वतंत्रपणे सोपवले. एका शनिवारी कारखान्याला जाताना ते म्हणाले, "पुढची दोन चाकं मी केली. मागच्या दोन चाकांचे लायनर तू बदल. ब्रेकचं जुनं ऑइल सगळं काढून नवं भर, आणि हवा नीट काढ. आईला पॅडल मारायला बसव." लायनरचा खोका आणि ऑइलचा डबा त्यांनी पायरीवर ठेवला होता. चेहरा असा की जणू मला पदवीच देत आहेत.

त्या संध्याकाळी रंकाळ्यावर आम्हा मित्रांची बैठक होती. कविता वाचायच्या होत्या. माझ्या तीन कविता तयार होत्या. (त्यांतली एकही आज मला आठवत नाही.) मी मागचे डावे चाक काढले, तर आतला ड्रम जाम. हातोडीने ठोकला, रॉकेल सोडले, हलेना. साडेचार वाजले, पाच वाजले. मग मी चाक पुन्हा बसवले. ब्रेकचा ॲडजस्टर आवळला, टाकीत वरून थोडे नवे ऑइल ओतले आणि पॅडल दाबून पाहिले. ते चांगले घट्ट लागले. लायनरचा खोका रंगाच्या डब्यांमागे फळीवर सरकवला आणि अंघोळ करून सायकल काढली. रात्री अण्णांनी विचारले, "झालं?" मी म्हणालो, "झालं."

इंजिन बदलले म्हणून अण्णांनी आर. टी. ओ.कडे अर्ज दिला होता. त्या काळी अशी मंजुरी घेऊन आर. सी. पुस्तकात नवा इंजिन नंबर चढवता येत असे. (पुढे २००० साली कायदा बदलला आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, असे म्हटले. तेव्हा विद्यार्थिमित्रांनी हा उद्योग करू नये.) तपासणीच्या वेळी साहेबांनी मैदानात गाडी चालवून पाहिली आणि विचारले, "ब्रेकचं काय केलंय?" अण्णा म्हणाले, "मागचे मुलानं केलेत." मी त्यांच्या शेजारी उभा होतो. थंड गाडीचे ब्रेक सपाट मैदानात उत्तम लागले.

मेच्या अखेरीस, पाऊस लागायच्या आत, आम्ही वैभववाडीला निघालो. मागे आई, आज्जी आणि आत्यासाठी घेतलेले दोन मोठे डबे, पुढे अण्णा आणि मी. गगनबावड्यापर्यंतचा रस्ता मी विसरणार नाही. अण्णा पाचवा गिअर टाकत आणि माझ्याकडे बघत. चढावर ट्रक मागे टाकला तेव्हा त्यांनी चक्क हॉर्न वाजवला, कारणाशिवाय. गगनबावड्याला चहा झाला आणि आम्ही घाट उतरू लागलो.

जुन्या इंजिनाने गाडी कधी वेग घेतच नसे, म्हणून ब्रेकवर भार पडत नसे. आता ती सुटत होती. अण्णा दर वळणाला ब्रेक दाबत होते. पाच-सहा वळणांनंतर जळका वास आला. आज्जी म्हणाली, "काय करपलं?" पुढच्या वळणावर अण्णांचा पाय पॅडलसकट खाली टेकला. त्यांनी तो उचलून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा शोषते. वर्षे गेली की त्यात पाणी मुरते, तापल्यावर ते उकळते, वाफ धरते, आणि वाफ दाबली की नुसती दबते, चाकापर्यंत काही पोहोचत नाही. हे मी नंतर वाचले. त्या क्षणी मी फक्त अण्णांचा डावा हात पाहत होतो. तो गिअरसाठी स्टिअरिंगखाली गेला, अकरा वर्षांच्या सवयीने. तिथे दांडी नव्हती. हात हवेत उघडला आणि मिटला. मग तो खाली आला, त्याला दांडी सापडली, इंजिनाने किंकाळी फोडली आणि गाडी तिसऱ्यात, मग दुसऱ्यात आली. त्यांनी हँडब्रेक ओढला. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागची चाके माझ्याकडे होती. गाडी तशीच चालली. शेवटी त्यांनी ती डोंगराच्या अंगाला घेतली, चाके गटारात उतरली, पत्रा दरडीला घासत गेला आणि आम्ही थांबलो.

कोणाला लागले नाही. आज्जीच्या मांडीवर डबा उपडा झाला होता, एवढेच. मला कोणी सांगितले नव्हते, तरी मी उतरलो आणि दगड शोधू लागलो. हात इतके कापत होते की पहिला निसटून पायावर पडला. तोवरच्या आयुष्यात मी दगड नेहमी चाकाच्या मागे लावला होता. त्या दिवशी तो पुढे लावला.

अण्णा बॉनेटला टेकून उभे होते. आईला म्हणाले, "माझंच चुकलं. इंजिन बसवलं आणि ब्रेक तेवढेच ठेवले." मी ऐकले. तिथे बोलायला हवे होते. बोललो नाही.

तासाभराने ड्रम निवले, पॅडल वर आले. पहिल्या गिअरात मुंगीच्या पावलांनी खाली उतरलो. दोन दिवसांनी परतलो तेव्हा करूळचा घाट गाडी एका दमात चढली. काटा गरमकडे सरकलासुद्धा नाही. गाडीत कोणी काही बोलले नाही.

पुढच्या रविवारी अण्णांनी चारही चाके खोलली. मी खिडकीत पुस्तक धरून बसलो होतो, एक ओळ वाचत नव्हतो. मागचा ड्रम निघाला. त्यांनी आत पाहिले, बराच वेळ पाहिले. मग उठून शेडमध्ये गेले आणि रंगाचे डबे सरकवल्याचा आवाज मला ऐकू आला. त्या दिवशी त्यांनी मला बॅटरी धरायला बोलावले नाही. महिन्याभरात ब्रेकला सर्वो बसवला. आज्जी पुढे सहा वर्षे जगली, पण त्या गाडीतून ती पुन्हा घाट उतरली नाही. एस. टी.ने जाई.

मी प्राध्यापक झालो. उत्तरपाड्याचा कारखाना थांबल्याची बातमी आली तेव्हा अण्णांनी ती कात्रीने कापून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. आज ते ऐंशीचे आहेत. गाडी शेडमध्ये असते. दर महिन्याला ते ती सुरू करून दहा मिनिटे तशीच ठेवतात. गेल्या महिन्यात त्यांनी मला हाक मारली. मागचे डावे चाक खोलायचे होते. गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून ते स्टुलावर बसले आणि हातोडी माझ्याकडे दिली. ड्रम जाम होता. मी ठोकू लागलो. पाच वाजत आले होते. मी घड्याळाकडे पाहिले असेन, नसेन, मला ठाऊक नाही.

अण्णा बॅटरी धरून होते. म्हणाले, "घाई न्हाई न्हवं? न्हाईतर रंकाळ्यावर जायचं आसंल."