सव्वा घटका

लग्नपत्रिका दुमडलेलीच येते, ही सोय मला सातवीत सापडली. एक पान आडवं ठेवायचं, दुसरं उत्तरेला उभं करायचं, मधे काळा दोरा ताणायचा: झालं छायाघड्याळ. मिटलं की वहीत मावायचं.

पहिलं घड्याळ पार फसलं. दोऱ्याचा कोन एका इंग्रजी पुस्तकातून उचलला होता. तो लंडनचा, ५१ अंशांचा. दोरा ध्रुवाकडे रोखलेला हवा, आणि आमच्या गंगापुरातून ध्रुव क्षितिजाच्या जेमतेम २० अंश वर. मग दहा सेंटीमीटरला साडेतीन सेंटीमीटर उंची धरली. तासांच्या रेघा बाराजवळ दाटीवाटीने बसल्या, पाचच्या पुढे ऐसपैस.

तरी घड्याळ मागेच. रेडिओवर साडेबारा, पत्रिकेवर बारा. खोडरबर घेऊन बसलो, पण चूक रेघांची नव्हती. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, गंगापूर पंचाहत्तरवर; अंशाला चार मिनिटं, म्हणजे अर्धा तास. आजी म्हणाली, "मंजे सव्वा घटका की." तिचा दिवस ओसरीच्या पायरीवरच्या उन्हावर चालायचा, २४ मिनिटांची घटका तिला शिकवावी लागली नव्हती. ही सव्वा घटकाही कायमची नाही, हे पुढे कळलं. फेब्रुवारीच्या मध्याला ४४ मिनिटं, नोव्हेंबर लागताना १४.

एक खोट मात्र अजून निघालेली नाही. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडून उगवतो, तेव्हा सकाळी उभ्या पानाचीच सावली आकड्यांवर पडते.

नोकरीला दिल्लीला गेलो, तिथे ध्रुव नऊ अंश अधिक वर. नवं करायचा कंटाळा; उत्तरेच्या कडेखाली काडेपेटी सरकवली नि दोरा जागेवर आला. फरकही २१ मिनिटांवर उतरला. चाळीसगावजवळ पाटणला ज्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने मठ काढला, त्या भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणीत कितीतरी यंत्रं सांगून मोठा मान धीयंत्राला दिलाय: हातात एक काठी, बाकी बुद्धी. काडेपेटी त्यांना चालली असती, असं मी धरून चालतो.

गेल्या मे महिन्यात भाचीच्या लग्नाची पत्रिका आली. सोनेरी चकाकीत सावली दिसेना, म्हणून उलटी दुमडून कोऱ्या बाजूवर रेघा मारल्या आणि मांडवाबाहेर उन्हात मांडली. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा होता. अक्षता पडल्या तेव्हा दोऱ्याची सावली सव्वादोनच्या पुढे सरकली होती. सरकारी वेळेने पावणेतीन.