उसण

दुसऱ्याच्या पाठीचे दुखणे आपल्या पाठीत उसण भरेपर्यंत कळत नाही, हा धडा आम्हांस गेल्या पावसाळ्यात मिळाला.

खानापूरकडील एका कौलांच्या कारखान्यात हमाली करणारा एक गृहस्थ आमच्या परिचयाचा आहे. देहाने स्थूल. कंबरदुखीमुळे तो चार महिने घरी बसून होता. बायको दुसऱ्यांच्या शेतात राबत होती, वाण्याची उधारी वाढत होती. एके दिवशी आम्ही त्याच्या घरी जाऊन स्पष्टच बोललो, "अरे, जरा खाणे आवर आणि कामाला लाग. चार महिने का कुणाची कंबर दुखते?" त्याने वाद घातला नाही. "होय, फादर," एवढेच म्हणाला.

पुढे पंधरवड्यातच एक बाक उचलताना आमची कंबर धरली. आमचेही वजन तेव्हा ९२ किलो होते.

डॉक्टरांनी सारे नीट समजावून सांगितले. धडाचा भार कमरेच्या पाच मणक्यांवर येतो. पोट पुढे आले म्हणजे तोल राखण्यासाठी पाठीच्या स्नायूंना सतत ताण सोसावा लागतो. शिवाय वाढलेली चरबी शरीरात दाह वाढविणारी द्रव्ये सोडते. दुखते म्हणून माणूस हलत नाही. न हलल्याने स्नायू दुबळे होतात, वजन वाढते आणि दुखणे पुन्हा बळावते. तथापि स्थूलपणा हे एकच कारण नव्हे. जड ओझी, वाकून करावयाची कामे, धूम्रपान, मनातील धास्ती हीही कारणे आहेत. सडपातळ माणसेही या दुखण्याने जायबंदी होतात. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि माणसास अपंग करणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला लागतो.

दोघांच्याही कमरेला एकच दुखणे होते. परंतु आम्ही खुर्चीत बसून आपले काम चालविले. आमच्या ताटातला एक घासही कमी झाला नाही. त्याचे काम मात्र ओझे उचलण्याचेच. ते थांबले आणि चूलच थंडावली. आम्ही ज्यास आळस म्हटले, ती त्याची असहायता होती.

आम्ही पुन्हा त्याच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. डॉक्टरांचा सल्लाही सांगितला: अंथरुणास खिळून राहू नये, सोसेल तेवढे चालावे, वजन हळूहळू उतरवावे, पाय लुळा पडू लागला किंवा लघवी-शौचावरील ताबा गेला, तर तत्काळ इस्पितळ गाठावे. मग कारखान्याच्या मुकादमास भेटलो. त्याने भल्या मनाने त्याला कौले मोजून टिपून ठेवण्याचे काम अर्धा दिवस दिले.

त्याची कंबर अजून दुखते, आमचीही. सकाळी आम्ही दोघे ओढ्यापर्यंत चालत जातो. आमचे वजन पाच किलो उतरले आहे, त्याचे तीन. या गोष्टीवरून तो आम्हांस हसतो, आणि ते हसणे आम्हांस गोड वाटते.

वाचकहो, आपल्या शेजारी कुणी असा घरी बसून असेल, तर त्याच्या पोटाकडे बोट दाखविण्यापूर्वी त्यास सोसेल असे काम कोठे मिळेल, याची एकदा चौकशी करावी.