हिवऱ्याचं टपाल

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला आज लोक जातात ते जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या पाहायला. त्या उभ्या राहण्याच्या जवळपास दीडशे वर्षं आधी याच पंचक्रोशीतलं हिवरे दूरच्या जगाशी बोलत होतं, ते टपालातून. दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी हिवऱ्यात औषधी वनस्पतींची बाग फुलवली होती. त्यांची पत्रं आणि वाळवलेले नमुने पार इंग्लंडातल्या क्यू बागेपर्यंत पोचत.

त्या काळी टपाल हाच वनस्पतिशास्त्राचा आधार होता. १८३९ साली मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची प्रसिद्ध झाली. ती करणारे जॉन ग्रॅहम तर मुंबईचे डेप्युटी पोस्टमास्तर जनरलच! पुढे १८६१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ आला. जुन्नरच्या कड्यांवर वाढणाऱ्या ‘फ्रेरिया इंडिका’ला हे नाव डाल्झेल यांनीच दिलं, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. आपण तिला शिवसुमन म्हणतो.

नमुना पाठवणं हे चिकाटीचं काम. आमच्या कॉलेजच्या दिवसांतही ते तसंच होतं. फांदी रद्दीत दाबायची, कागद रोज बदलायचे, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरलीच म्हणून समजा. शिवसुमनासारखं मांसल खोड तर कागदातही जिवंत राहतं, म्हणून अशी झाडं आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढावी लागतात. सोबतच्या चिठ्ठीवर गाव, तारीख आणि फुलाचा रंग लिहायचा. रंग आवर्जून लिहायचा, कारण वाळल्यावर तो उडून जातो. मग पोस्टात टाकायचं आणि जाणकारांच्या उत्तराची वाट पाहायची. त्या वाट पाहण्यात झाड मनात पक्कं बसायचं.

आता शिवनेरीच्या वाटेवरून फोटो पाठवला की खाली उतरेपर्यंत नाव हातात येतं. याचा मला मनापासून आनंद आहे. दुर्मिळ झाडाला हात न लावता त्याची ओळख पटते, आणि शाळकरी पोरांनाही जाणकार भेटतात. पण फोटोत खोडाचा चीक दिसत नाही, वास येत नाही, फुलाच्या आतले बारीक भाग सुटतात. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहातला जुना कागद आजही उघडून तपासता येतो. फोनमधला फोटो फोनबरोबरच जातो.

म्हणून फोटो जरूर काढा. शिवसुमन तोडू नका, त्याची नेमकी जागा चारचौघांत सांगू नका. मात्र गाव, तारीख, रंग आणि पाहिलेलं सगळं वहीत लिहा. गिब्सन, डाल्झेल यांच्या काळापासून हे शास्त्र उभं राहिलं ते अशा नोंदींवरच.